भिंतीतलं चालू खातं

दुखणं आणि मधमाश्या या दोन विषयांवर सल्ला द्यायला आपल्याकडे शिक्षणाची अट नाही. आमच्या अमरावतीच्या घराच्या भिंतीत मधमाश्या शिरल्याची बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत सात तज्ज्ञ चहा पिऊन गेले. सातांचा निकाल एकच : "मारून टाका जी, काय एवढं घाबरता!" पूर्वी या निकालात रॉकेल असायचं, आता स्प्रेचा डबा असतो. प्रगती म्हणतात ती हीच.

या सात जणांविरुद्ध मला फिर्याद मांडायची आहे. आठवा आरोपी मी स्वतः, कारण मी त्यांचं ऐकलं.

आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे भिंतीला भेग नाही असं घर आणि डोक्यावर कर्ज नाही असा घरमालक वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. त्या भेगेतून सातेरी माश्या आत गेल्या. सातेरीला अंधारी पोकळी लागते. झाडाची ढोली काय, भिंत काय. उघड्यावर लोंबतं ते आग्या मोहोळ. त्याला लांबूनच नमस्कार करावा.

माझी शाखा अकोल्याला. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, रात्री परत. माणसाला वेळ नसला की त्याला झटपट उपाय पटतो. रविवारी गवंड्यानं भेग सिमेंटनं बुजवली. सोमवारी माश्या स्विचबोर्डातून थेट बेडरूममध्ये! पुढचं दार लावलं की गिऱ्हाईक मागच्या दारानं येतं, हे वीस वर्षं काउंटरवर बसूनही मला कळलं नव्हतं. मग फवारा. दोन दिवसांत सगळं शांत. हिनं मेलेल्या माश्या झाडून सुपलीत भरल्या आणि काही बोलली नाही. बायको बोलत नाही तेव्हा निकाल आपल्याविरुद्ध लागलेला असतो.

खरा हिशेब मे महिन्यात निघाला. पारा पंचेचाळीसकडे निघाला की माश्या पाणी आणून पोळ्यात ठेवतात आणि पंखांनी वारा घालतात. आमच्या कूलरवर त्या त्याचसाठी येत. म्हणजे भिंतीतही डेझर्ट कूलरच, फक्त वीजबिल नाही. तो चालवणाऱ्याच मी मारल्या. मेण मऊ झालं, मध पाझरला, मागोमाग मुंग्या आणि वास. शेवटी भिंत फोडावी लागली ती लागलीच. स्प्रे, दोनदा गवंडी, एकदा रंगारी हे सगळं खर्चाच्या बाजूला. जमेला विषारी मध, चाटायचीही सोय नाही! बी.कॉम. झालेल्या माणसाचा हा ताळेबंद पाहिला तर विद्यापीठ डिग्री परत मागेल.

आणि हा फक्त माझा तोटा. तूर, सूर्यफूल, कांद्याचं बी यांच्या फुलांवर हीच माशी फुकट राबते. हंगामात कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते आणि जन्मभराची कमाई चमचाभरही मध होत नाही. ती आपण एका फवाऱ्यात बुडीत खाती टाकतो.

"पोरांना चावल्या तर?" प्रश्न रास्त आहे. घरात माश्या पाळा असं मी म्हणतच नाही. काढा, पण जिवंत काढा.

जुन्या मेणाच्या वासानं यंदा त्याच भिंतीत नवा थवा आला. या वेळी मधपाळाला बोलावलं. त्यानं संध्याकाळी थोडा धूर दिला, विटा काढल्या, पोळी कापून चौकटीला दोऱ्यानं बांधली. राणी पेटीत गेली तशा बाकीच्या मागोमाग गेल्या. मग पोकळी खरवडून, धुऊन, भरून घेतली आणि शेवटी सिमेंट. आधी गिऱ्हाईक बाहेर, मग शटर खाली, क्रम एवढाच.

सातांपैकी एक जण कुंपणावरून म्हणाला, "काऊन जी, माशीपायी एवढा खर्च?"

"भाऊ," मी म्हटलं, "मागच्या साली मारायला याहून जास्त लागले."

तो गप्प झाला. सुपलीचं मात्र मी त्याला सांगितलं नाही. ते खातं अजून जुळायचं आहे.