ससा जगावा, दांडकेही राहावे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. इंदापूरकडच्या गावी गेलो की आजोबा हमखास विचारतात, "काय शिकलास रं?" यंदाच्या उन्हाळ्यात मात्र मीच त्यांच्याकडून शिकून आलो. काय? तर फेकायचे दांडके करायला!

तरुणपणी मेंढरांमागे हिंडताना आजोबा असल्या दांडक्याने ससा टिपत. त्यांनी मला बाभळीची दीड हाताची, किंचित वाक असलेली फांदी निवडायला लावली. साल काढून ती सावलीत वाळवली. उन्हात लाकूड तडकते. मग फुटक्या काचेने तासून एक टोक जड राखले. पडीक रानात वीस पावलांवर ढेकळे रचून आम्ही दहा-दहा वेळा फेकून पाहिले. माझे दोनदा लागले, आजोबांचे सातदा.

"त्यापरीस दगड का नको?" मी विचारले.

"दगड एका जागी लागतो. दांडकं गरगरत जातं, हातभर जागा झाडतं."

हे यंत्रशास्त्र त्यांना कोणत्या वर्गात शिकवले होते? जर्मनीत शोनिंगेन येथे २०१६ साली असेच फेकायचे लाकूड सापडले. ते लाखो वर्षांपूर्वीचे, लांबी साडेचौसष्ट सेंटिमीटर. जगभरचे विद्वान त्याचा अभ्यास करतात. आणि मी? पहिल्या वर्षी वर्गात आजोबांचा धंदा सांगायलाही लाजत होतो.

कुणी म्हणेल, शिकारीचे गोडवे कशाला? मित्रहो, तसे नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे; ससा मारणे आज गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयुरेश्वर अभयारण्य राखावे लागले, यातच सारे आले. माळ उसाखाली गेले. उरलेल्या मुक्या जिवांवर दांडके उगारणे हा पुरुषार्थ नव्हे. आजोबांनाही हे पटते. परंतु शिकार थांबली म्हणून तिच्यामागची विद्याही मातीत जावी काय? ढेकळावर नेम धरायला कोणता कायदा आड येतो?

प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याला घरातली एक हातविद्या मापांसह, तिच्या शब्दांसह लिहून आणायला सांगावे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पुस्तके नसतील, पण विद्या आहे.

आजोबांचा खांदा आता दुखतो. पुढच्या उन्हाळ्यात ते फेकू शकतील की नाही, कोण जाणे. मी दिवाळीलाच वही घेऊन जाणार आहे.