चरित्र वाचा, हक्कांचा हिशेबही मागा

वऱ्हाडातील तरुणांनी अब्राहम लिंकनचे चरित्र अवश्य वाचावे. मात्र त्याच्या मृत्यूपाशी थांबू नये. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. त्या कार्याच्या गौरवार्थ जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. परंतु १८७७ साली अध्यक्ष हेज यांनी दक्षिणेतील मुक्त गुलामांस असलेला लष्करी आधार काढून घेतला, आणि पुढे तेथे कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला गेला. तो परत मिळण्यास अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा १९६५ चा कायदा यावा लागला. सहीने मिळालेला हक्क कोणी राखला व कोणी सोडून दिला, यावरूनच अध्यक्षांची थोरवी ठरते. आपल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. ते कलम गावोगाव कोण पाळवितो, हाच निकष अमरावती-अकोल्याच्या वाचकांनी आपल्या राज्यकर्त्यांसही लावावा.