औषध खरे, आजार दुसरा

मे २०२१ चा दुसरा आठवडा. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश फिरत होता : आयव्हरमेक्टिन, बारा मिलिग्रॅम, रोज एक, पाच दिवस, घरातल्या सर्वांनी घ्यावी. खाली ना डॉक्टरचे नाव, ना सही. तळमजल्यावरच्या काकूंनी मात्र दोन पाकिटे आणूनही ठेवली होती. ‘गोव्यात सरकारच देतंय की!’ त्या म्हणाल्या.

काकू खोटे बोलत नव्हत्या. १० मे रोजी गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना, लक्षणे असोत वा नसोत, नेमकी हीच मात्रा देण्याचे जाहीर केले होते. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीसच सांगितले होते, की कोविडवर हे औषध चाचण्यांखेरीज वापरू नये. आणि ज्या मर्क कंपनीने ते बाजारात आणले, तिनेही फेब्रुवारीतच उपयोगाचा पुरावा नसल्याचे निवेदन काढले होते. आपला माल घेऊ नका असे कंपनीने सांगावे, हा योग तसा दुर्मीळच! त्याच दिवसांत बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात प्राणवायूअभावी रुग्ण दगावत होते आणि उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले होते.

ही अफवा एवढी का रुजली? कारण औषध बनावट नव्हते. त्याच्या शोधकांना २०१५ साली नोबेल मिळाले आहे. २०१९ मध्ये नागपुरात हत्तीरोगाविरुद्ध वाटलेल्या तीन औषधांत तेही होते. एप्रिल २०२० मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात त्याने कोरोना विषाणूची वाढ रोखली. पण ती काचपात्रातल्या पेशींमध्ये, आणि नेहमीच्या गोळीने रक्तात उतरते त्याच्या कित्येक पट मात्रेने. संदेशांतून नेमके हे ‘काचपात्र’च गळले. ज्या इजिप्शियन अभ्यासाचा बराच गाजावाजा झाला, तो आकडेवारीविषयी गंभीर शंका निघाल्याने जुलै २०२१ मध्ये मागे घेतला गेला. पुढे मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : रुग्णालयात जाण्याची वेळ टळत नाही.

मग दोष काकूंना द्यायचा का? एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या उपचार-सूचनांतही ही गोळी ‘विचार करावा’ अशा मोघम शब्दांत होतीच. मेअखेरीस आरोग्य सेवा महासंचालनालयाने ती वगळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या यादीतून ती जायला सप्टेंबर उजाडला. समाविष्ट झाल्याची बातमी गल्लोगल्ली पोचली होती. वगळल्याचा संदेश आमच्या गटावर कुणीच टाकला नाही.

जूनमध्ये काकूंना ताप आला. गोळ्या चालू आहेतच, म्हणून तीन दिवस त्यांनी डॉक्टरांना फोन केला नाही. चौथ्या दिवशी ऑक्सिमीटरने अठ्ठ्याऐंशी दाखवले तेव्हा धावपळ झाली. नऊ दिवसांनी त्या घरी परतल्या. गोळ्यांमुळेच वाचले, असे त्या अजूनही सांगतात.