शिळे कोणी खायचे?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास एकाच घरातले चौघेजण दवाखान्यात आले. आजी, मुलगा, सून आणि शाळकरी नात. चौघांनाही उलट्या. आदल्या रात्री घरी पाहुणे होते. मसालेभात पातेलेभर केला होता, त्यातला बराच उरला. पातेले झाकून रात्रभर ओट्यावरच राहिले. सकाळी त्याच भाताला फोडणी देऊन नाश्ता झाला आणि दोन तासांत एकेकजण मोरीकडे धावू लागला. आजीबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "डॉक्टर, भाताला वास अजिबात आला नव्हता हो! आणि चांगला वाफ येईपर्यंत गरम केला होता." त्यांचे दोन्ही म्हणणे खरे होते. तरीही भात बाधला तो बाधलाच.

असे का व्हावे? तांदळात 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जंतूंची बीजे असू शकतात. ही बीजे इतकी चिवट, की भात शिजतानाच्या उष्णतेनेही ती सगळी मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की बीजांतून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. त्याला वास नाही, चव नाही. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणजे फोडणी कितीही खमंग असली तरी ती रात्रीची चूक दुरुस्त करू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, "आमच्या आईने जन्मभर फोडणीचा भात केला, कोणाला काही झाले नाही." माझ्याही आईने केला आणि मी तो आवडीने खाल्ला. दरवेळी बाधत नाही, हे खरेच. पण पूर्वी पोट बिघडले की 'काहीतरी बाधले' किंवा 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत. भाताकडे बोट कोण दाखवणार?

मग उरलेले अन्न टाकून द्यावे काय? मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे 60 टक्के घरगुती होते. आपल्या देशातल्या घरांचा अंदाज त्यात माणशी वर्षाला सुमारे 55 किलो असा दिला आहे. ज्या देशात अजून कुपोषित बालके आहेत, तिथे हा आकडा शोभणारा नाही. आणि उरलेल्याचे रुचकर करण्यात आपल्या बायकांचा हात कोण धरील? शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गुळाचा लाडू, भाकरीचा ताकातला काला, उरलेल्या भाजीचे थालीपीठ, आमटीत सोडलेल्या चकोल्या. हे सारे शहाणपण आहे. त्याला फक्त घड्याळाची जोड हवी.

ती अशी. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात तर एक तास पुरे. जेवणे झाली की उरलेला भात परातीत पसरावा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. वरण, भाजी, उसळ फार तर तीन दिवस. गरम करायचे ते लागेल तेवढेच, एकदाच आणि चांगली वाफ येईपर्यंत. नुसते कोमट करू नये. चार तासांहून अधिक वेळ वीज गेली असेल तर फ्रीजमधल्या शिजवलेल्या अन्नावर विसंबू नये. घरी फ्रीज नसेल तर भात मोजूनच टाकावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात माणसाने खाऊ नये. पोळी-भाकरीत पाणी कमी, म्हणून त्या रात्रभर टिकतात. मात्र पावसाळ्यात बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा तुकडा काढून बाकीची खाऊ नये, अख्खी टाकावी.

इथपर्यंत झाली डॉक्टरकी. पण मला खरे सांगायचे आहे ते पुढेच.

चाळिशीतल्या एक बाई माझ्याकडे नेहमी येत. थकवा, धाप, पायात गोळे. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या दिल्या, थोडे सुधारले, पुन्हा खाली. शेवटी एकदा विचारले, "ताई, काल दिवसभरात काय काय खाल्लंत, तेवढं सांगा." त्या संकोचून म्हणाल्या, "सकाळी रात्रीच्या पोळ्या चहाबरोबर. दुपारी सकाळचा भात होता, तो. रात्री सगळ्यांचं झाल्यावर जे होतं ते." आणि भाजी, उसळ? "ती उरतच नाही हो."

या वाक्यात त्यांच्या आजाराचे निदान होते. घरात काय उरते? भात आणि पोळी. उसळ, पालेभाजी, दही, अंडे आधी संपते. जी सर्वांत शेवटी जेवते तिच्या वाट्याला पिष्ट येते आणि लोह-प्रथिने इतरांच्या पोटात जातात. वर शिळ्या पोळीबरोबर चहा, जो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण हे एक कारण मी दवाखान्यात रोज पाहतो.

त्या दिवशी घरी जाऊन मी ही हकिकत मोठ्या आवेशाने सांगितली. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, पेशंटला विचारलंत ते बरं केलंत. मला कधी विचारलंत?" त्यांच्या ताटात सकाळच्या दोन पोळ्या होत्या. माझ्या ताटात तव्यावरची गरम. पंचवीस वर्षे शेजारी बसून जेवतो, पण ताट पाहिले नव्हते. आता आमच्या घरी नियम आहे. शिळी पोळी असेल तर आधी सर्वांना अर्धी-अर्धी, मग ताजी.

माझे म्हणणे एवढेच, की उरलेले अन्न ही एकट्या गृहिणीची जबाबदारी नाही. ते सगळ्या घराचे जेवण व्हावे. फोडणीचा भात करायचा तर त्यात मोड आलेले मूग, शेंगदाणे, कोथिंबीर घालावी, वर लिंबू पिळावे. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. थालीपिठात पाव वाटी डाळीचे पीठ आणि मूठभर मेथी जास्त पडू द्यावी. आणि ते सर्वांनी एका पंगतीला बसून खावे, करणारीसह. जे मुलाला वाढायला नको वाटते ते त्याच्या आईनेही खाऊ नये. ते अन्न चांगले असेल तर सर्वांसाठी चांगले, आणि वाईट असेल तर कोणासाठीच नको. त्यासाठी तिचे पोट ही कचरापेटी नव्हे.

पुरुष वाचकांना एक सोपे काम सांगतो. बाहेर जेवून येणार असाल तर घरी वेळेवर कळवा. मोबाईल खिशात असूनही निम्मा भात या एका आळसापायी उरतो. आणि आज रात्री जेवताना एकदा शेजारच्या ताटाकडे पाहा. त्याला तपासणी फी लागत नाही.