कच्चा नेम सुधारतो, पण घाईने नव्हे

विशीत एनबीएमध्ये पोहोचलेल्या बास्केटबॉलपटूचा नेम कच्चा असला, की तो आता सुधारणार नाही, असे सहज म्हटले जाते. वैद्यकशास्त्राला ते मान्य नाही.

कवाय लेनर्डचे महाविद्यालयातील अखेरच्या हंगामात जेमतेम २९ टक्के थ्री-पॉइंटर यशस्वी झाले होते. २०११ मध्ये तो सॅन अँटोनिओ स्पर्समध्ये आला. प्रशिक्षक चिप एन्गेलंड यांनी त्याची चेंडू सोडण्याची पद्धत बदलली. पहिल्याच व्यावसायिक हंगामात, अधिक लांबून फेकूनही, हे प्रमाण ३७ टक्क्यांवर गेले.

लघुमेंदू प्रत्येक चुकीतून हालचाल थोडी थोडी दुरुस्त करतो. ही क्षमता विसाव्या वर्षी संपत नाही. मात्र चुकीची हालचालही सरावाने तितकीच पक्की होते. म्हणून आधी दुरुस्ती, मग सराव.

नुसता सरावही पुरत नाही. २०१६ च्या निवडीत पहिला ठरलेला बेन सिमन्स २०२१ च्या प्ले-ऑफमध्ये ७३ पैकी केवळ २५ फ्री-थ्रो साधू शकला. अंगवळणी पडलेल्या हालचालीकडे खेळाडू दडपणाखाली मुद्दाम लक्ष देऊ लागला, की ती बिघडते.

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला करारात दोनच वर्षांची हमी असते. पुढचा निर्णय संघाचा. जुनी सवय मोडताना खेळ काही काळ खालावू शकतो. तेवढ्यावरून त्याला नालायक ठरवणे म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडून औषधाला दोष देणे होय.