वित्तक्षेत्राची वाट आणि पदवीचे कर्ज

बँका, भांडवल बाजार, लेखापरीक्षण आणि कर्जपुरवठा यांना मिळून वित्तक्षेत्र म्हणतात. या क्षेत्रात जायचे तर बारावीनंतर पुण्या-मुंबईच्या नामांकित खासगी संस्थेतून बीबीए करण्यावाचून गत्यंतर नाही, हा समज औसा तालुक्यातील किल्लारीसारख्या गावातील कुटुंबालाही कर्जाच्या दारात उभे करतो. त्याच्या पुष्ट्यर्थ सांगितले जाते की नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या अशाच संस्थांत येतात आणि २०२४-२५ पासून बीबीए हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्यामुळे त्याच्या दर्जाची हमी मिळाली आहे.

यांपैकी दुसरा मुद्दा टिकत नाही, कारण मान्यता म्हणजे किमान अटींची पूर्तता. अध्यापन चांगले की वाईट, याचा निवाडा तिच्यात नसतो. पहिल्यात तथ्य आहे, पण ते थोड्या जागांपुरते. मोठ्या गुंतवणूक बँका संस्थेचे नाव पाहतात हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि सनदी लेखापाल (सीए) होण्याची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर कोठूनही देता येते आणि सरकारी बँकांतील अधिकारीपदासाठी होणाऱ्या आयबीपीएसच्या परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. संस्थांच्या माहितीपत्रकातील 'सरासरी वेतन' तर विशेष तपासून घ्यावे, कारण दोन-चार मोठ्या पगारांनीही सरासरी फुगते. मध्यक, म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, अधिक खरे सांगतो.

खरा आक्षेप कर्जाविषयी आहे. दहा लाख रुपये दहा टक्के दराने तीन सारख्या वार्षिक हप्त्यांत उचलले, तर शिक्षणाची तीन वर्षे आणि पुढील सवलतीचे एक वर्ष धरून सरळव्याजानेच तीन लाखांची भर पडते आणि तेरा लाखांच्या दहा वर्षांच्या परतफेडीचा हप्ता दरमहा सुमारे १७,२०० रुपये होतो. साडेसात लाखांवरील कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि किल्लारीच्या शेतकऱ्याची मुख्य मालमत्ता असलेली शेतजमीन २००२ च्या सरफेसी कायद्याच्या वसुलीतून वगळलेली असल्याने बँका तिच्याऐवजी घर किंवा ठेव पसंत करतात. याहून घातक परिणाम पुढे होतो. सीएच्या वाटेवर दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालील उमेदवारी, करावी लागते आणि तिचे विद्यावेतन काही हजारांचेच असते. हप्ता डोक्यावर असलेला विद्यार्थी ती उमेदवारी सोडून विमा किंवा क्रेडिट कार्ड विकण्याची मिळेल ती नोकरी धरतो, आणि ज्या क्षेत्रासाठी कर्ज काढले त्याच क्षेत्राच्या गाभ्यापासून तो दुरावतो.

म्हणून निवडीचा क्रम उलटा असावा. लातूर-नांदेडमध्ये किंवा पुण्याच्या बीएमसीसीसारख्या १९४३ पासूनच्या महाविद्यालयात परवडणाऱ्या शुल्कात बी.कॉम. करावे आणि वाचलेला पैसा उमेदवारीच्या वर्षांसाठी राखावा. सूचिबद्ध कंपन्यांचे लेखापरीक्षण शिकायचे तर महानगर त्या टप्प्यावर उपयोगी पडते. परंतु सोयाबीन-तुरीची आडत, साखर कारखाना आणि जिल्हा बँक यांचे ताळेबंद वाचण्याची सोय लातुरातही आहे, आणि ते काम कमी प्रतीचे मानणे हे अज्ञान आहे. मात्र "सगळी महाविद्यालये सारखीच" म्हणत नावापुरती पदवी घेणेही तितकेच चुकीचे, कारण सीएत अडखळलेल्याला अखेर तीच पदवी तारते. सर्वांत महागात पडणारी चूक त्याआधीच, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी होते: वाणिज्य शाखेत गणित टाळून 'चिटणिसाची कार्यपद्धती' घेतली की दिल्लीच्या श्रीराम कॉलेजसारख्या ठिकाणच्या अर्थशास्त्राच्या पदवीचा मार्ग बंद होतो.