व्हिला राहू दे, आधी सातबारा दाखवा!

‘स्वतःची जमीन, स्वतःची गच्ची, वर-खाली कोणी नाही!’ मोशी, चाकण, तळेगावच्या आसपासच्या व्हिलांच्या अशा रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी दोन मिनिटं थांबा.

बंगल्याचं स्वप्न आपल्या शहराला नवं नाही. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, ते इथल्या कामगारांना परवडणाऱ्या दरात घरं आणि प्लॉट मिळावेत म्हणून. निगडीतल्या पेठांमधले टुमदार बंगले त्याच नियोजनातले. तेव्हा आधी आखणी झाली, मग भिंती उभ्या राहिल्या. आज बऱ्याचदा आधी ब्रोशर छापलं जातं.

त्याचा शेवट कसा होतो, ते चिखलीत दिसलं. १७ मे २०२५ रोजी इंद्रायणीकाठचे ३६ बंगले महापालिकेने जमीनदोस्त केले. ते निळ्या पूररेषेच्या आत होते. म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं, त्या पट्ट्यात. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये दिलेला पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. अनेकांची आयुष्यभराची कमाई एका दिवसात ढिगारा झाली.

यात नदीचं काय चुकलं? काहीच नाही. पण बंगले एका रात्रीत उगवत नाहीत. पाया खणला जात असताना यंत्रणेने काम थांबवलं असतं, तर बुलडोझरची वेळच आली नसती. हा प्रश्न विचारायलाच हवा. मात्र त्याचं उत्तर मिळेपर्यंत आपले पैसे आपणच जपायचे आहेत.

फ्लॅट आणि व्हिला यांत हाच मोठा फरक. फ्लॅट घेताना आपण इमारत बघतो. व्हिला घेताना मुळात जमीन विकत घेतो. त्यामुळे मॉड्युलर किचन नंतर. सातबारा कोणाच्या नावावर आहे? जमीन बिगरशेती झाली आहे का? विकास आराखड्यात ती निवासी पट्ट्यात आहे की ग्रीन झोनमध्ये? पूररेषा कुठून जाते? मंजूर नकाशा कुठे आहे? आणि लक्षात ठेवा, वीजमीटर किंवा घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

महारेराचा नंबरही मागा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत घरांचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत. चार-सहा व्हिलांची छोटी स्कीम नेमकी या सवलतीत बसू शकते. ती बेकायदा असेलच असं नाही, पण तिथे तपासणीचा भार आपल्यावरच जास्त.

तुम्ही म्हणाल, आम्ही अजून कॉलेजात, आमचा काय संबंध? आहे ना! घरात फोन सगळ्यांत सराईतपणे वापरता तुम्ही. महाभूलेखवर सातबारा आणि महारेराच्या साइटवर प्रकल्प बघायला अर्धा तास पुरतो. कागद वकिलाला दाखवायची फी तर घराच्या किमतीपुढे चिल्लर आहे.

‘घर पाहावं बांधून’ असं जुनी माणसं सांगायची. आता त्याआधी एक पायरी वाढवा: घर पाहावं तपासून. बुकिंगचा चेक फाडण्याआधी बाबांना एवढंच विचारा, ‘सातबारा बघितलात का?’